निळ्या पदराच्या आईची ओटी

आत्याबाई, तुमच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली शेवटी सापडली. ती तुम्ही देव्हाऱ्यात गणपतीच्या मागं ठेवायच्या, हे घरात फक्त आरोहीला माहीत होतं. आजी-नातीची गुपितं, ती सुनेला कशाला कोण सांगतंय! तेरावा झाला, पाहुणे पांगले, बालाजी रानात गेले आणि मी पेटी पुढ्यात ओढली. वाटलं, दोन लुगडी निघतील, तुमच्या भावानं घेतलेली शाल निघेल, मामंजींचा तो एकुलता एक फोटो निघेल. ते सगळं निघालं. पण सगळ्यात वर, झाकण उघडलं की पहिलं हाताला लागेल असं, एक हिरव्या खणाचं गाठोडं होतं.

मी ते लगेच ओळखलं. सहा वर्षांपूर्वी माझ्याच डोळ्यांदेखत तुम्ही त्याची गाठ परत मारली होती. सिकंदराबादच्या त्या दगडी चॅपेलच्या अंगणात, निळ्या पदराच्या आईपुढं. 

म्हटलं, आता आत काय राहिलं असणार, सोंडेकिडे आणि भुसा. गाठ सोडली तर बन्सी गहू, निवडून पाखडून घेतलेला. त्यात लिंबाचा पाला, अजून पुरता वाळलेलाही नाही. नारळ कानाजवळ हलवला, आत पाणी वाजलं. खारीक, हळकुंड, सुपारी, बदाम, सगळं ताजं. गहू यंदाचा होता, आत्याबाई. आपल्या विहिरीजवळच्या पट्टीतला. होळीनंतर काढला होता तो.

संध्याकाळी बालाजींना विचारलं. ते म्हणाले, "दरसाल बदलायची की आई. गहू घरात आला की पयला शेर त्या खणात. मला वाटलं, तुमच्या दोघींचं ठरलं असंल कायतरी."

दोघींचं काही ठरलं नव्हतं. तुम्ही सहा वर्षं तयार होतात आणि मी सहा वर्षांत एकदाही "चला" म्हटलं नाही, एवढंच होतं. त्या गाठोड्यापुढं मी फतकल मारून बसले आणि मोठ्यानं रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा इतकी रडले नव्हते. त्या दिवशी मी चहाचे कप मोजत होते, कुणाला कळवायचं राहिलं ते आठवत होते. तुम्ही मला नेहमी म्हणायच्या, "संगीता, तुझं रडू बी शाळेच्या घंटीवर चालतंय." खरंच उशिरा वाजली यावेळी घंटा.

आठवतं ना, ते दिवस? बालाजी तेव्हा सिकंदराबादला एका कारखान्यात होते. दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड. आरोही सातव्या महिन्यातच आली. एवढीशी, बालाजींच्या तळहातावर मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तुम्ही निरोप मिळताच नळदुर्गला हायवेवर येऊन मिळेल त्या गाडीला हात केलात आणि दुपारपर्यंत दवाखान्यात हजर. डोक्यावर बोचकं, बोचक्यात बाळंतिणीचा डिंक आणि भाकरीचं पीठ. मला म्हणालात, "रडू नको. दूध आटंल." बस, एवढंच. त्यानंतर तुम्ही माझ्या डोक्याला तेल लावलंत.

एकतीस दिवस. आत फक्त मला सोडायचे. तुम्हाला दिवसातून एकदा काचेतून बघायला मिळायचं, तेही नर्सच्या मनात असलं तर. मग तुम्ही करणार काय? दवाखान्याच्या समोर रस्ता ओलांडला की ते चॅपेल होतं. तुम्ही तिथं गेलात ते काही भक्तीनं नव्हे. सावली होती, पाण्याचा नळ होता आणि बसलं तर कुणी ऊठ म्हणत नव्हतं. देव कुणाचा हे तुम्ही तीन दिवसांनी विचारलंत.

मला तुम्ही येऊन वर्णन करून सांगायच्या. दगडी भिंती, वर लाकडी आढं, खिडक्यांना रंगीत काचा आणि त्यांचा उजेड फरशीवर सांडलेला. जुन्या पलटणीतल्या साहेबांच्या काळातलं देऊळ म्हणे. फरशीवर इंग्रजीत नावं कोरलेली, खाली माणसं पुरलेली. "मड्यावर पाय कसा द्यायचा गं," म्हणून तुम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालायच्या. सगळे बूट घालून आत जायचे, तुम्ही चपला बाहेर, तेही नीट जोडीनं. बाकावर पाय लोंबकळतात म्हणून खाली मांडी घालून बसायच्या. आणि अंगणात दगडांची केलेली ती गुहा, तिच्यात निळा पदर घेतलेली आई. तिला प्रदक्षिणा घालायची तर मागं वाटच नाही, मागं कंपाउंडची भिंत. मग तुम्ही जागच्या जागी स्वतःभोवती फिरून घ्यायच्या. दाराशी मेणबत्त्या विकणारी मरियम्मा तुम्हाला बघून पदर तोंडाला लावून हसायची, हेही तुम्हीच सांगितलं होतं, आणि सांगताना स्वतः हसला होतात. त्या एकतीस दिवसांत आम्ही दोघी हसलो ते तेवढंच.

"हिच्या कडंवर बी लेकरू हाय," तुम्ही म्हणालात. "हिला कळंल." आणि मग चार दिवसांनी जरा आवाज खाली घेऊन, "हिचं पोरगं हिच्यादेखत गेलं म्हनं, संगीता. मरियम्मा सांगत व्हती." त्या दिवशी तुम्ही नवस बोललात. लेकरू जगलं तर तुझी ओटी भरीन. मी पडल्या पडल्या ऐकलं आणि मनात म्हटलं, तुळजापूर सोडून आत्याबाईंना हे काय सुचलं. पण बुडत्याला काडीचा आधार.

लेकरू जगलं. पुढं ते रांगलं, चाललं, तुमच्या पेटीची किल्ली कुठं आहे ते शिकलं.

आरोही पहिलीत बसली त्या उन्हाळ्यात आपण नवस फेडायला गेलो. तुम्ही राखून ठेवलेलं अंजिरी लुगडं नेसलात. बसमध्ये ते गाठोडं तुम्ही मांडीवर घेऊन बसलात, वर फळीवर ठेवू दिलं नाहीत. मी तेव्हा नुकती झेडपीच्या शाळेत कायम झाले होते. डी.एड. झालेली सून, गावात मला सगळे बाई म्हणायचे, आणि नाकापेक्षा मोती जड झाला होता. जाताना वाटभर मी आरोहीला शिकवत होते, चर्चमध्ये कसं शांत बसायचं, कशाला हात लावायचा नाही. ते सगळं ज्ञान मला टीव्हीवरून मिळालेलं होतं.

प्रार्थना सुटली होती. अंगणात बरीच माणसं होती, चांगल्या कपड्यातली, अत्तर लावलेली. तुम्ही गुहेपुढं बसलात, गाठ सोडलीत, खण पसरलात. मग कमरेच्या पिशवीतून हळदीकुंकवाची एक लहानशी डबी काढलीत. नवीन कोरी डबी होती. ती तुम्ही कधी घेतली, कुठून घेतली, मला आजही माहीत नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माझं लक्ष मागं होतं. मागं कुणीतरी हसलं.

"आत्याबाई, आवरा ते," मी दात-ओठ खाऊन म्हणाले. "हे देऊळ न्हाई. इथं असलं चालत नसतंय. लोक हसायलेत."

तुम्ही मान वर करून माझ्याकडं पाहिलंत. मला वाटलं, भांडाल. घरी तुम्ही भाजीतल्या मिठावरून भांडायच्या, माझ्या मोबाइलवरून भांडायच्या, "पोरीला इंग्रजी शाळंत घालू नको, आजीशी बोलायची न्हाई" म्हणून वर्षभर भांडला होतात. तिथं तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. डबी पिशवीत गेली. गाठ बसली.

परतीच्या गाडीत मीच बोलत होते. मला बोलावंच लागत होतं. प्रत्येक देवाची रीत असते, आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन आपलं चालवत नाही, नमस्कार केला तरी पोचतो, देव भावाचा भुकेला. शाळेत बोलते तसं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. जहिराबाद गेल्यावर एकदाच म्हणालात, "तिथं मला कुनी इचारलं नसतं गं."

"विचारतील कशाला? नुसते हसतील," मी म्हणाले.

त्यावर तुम्ही आरोहीचं डोकं मांडीवर घेतलंत आणि डोळे मिटलेत. तुमच्या-माझ्यातलं ते भांडण तिथंच थांबलं. मला वाटलं, मी जिंकले. पुढं सहा वर्षं आपण मिठावरून, मोबाइलवरून, बालाजींच्या तंबाखूवरून भांडलो, पण त्या गोष्टीवरून नाही. मीही विषय काढला नाही. कधी मनात यायचं, सुट्टीत पुन्हा जाऊन यावं. मग मतदानाची ड्युटी यायची, कुठला तरी सर्व्हे यायचा. कारणांना काय तोटा.

तुम्ही कशाबद्दल बोलत होतात, ते मला तुमच्या मरणाच्या दिवशी कळलं. तुम्हाला न्हाऊ घालून पाटावर टेकवलं होतं. मी कपाटातून माझा एक नवा खण काढला, नारळ घेतला. ज्या बाईनं माझं बाळंतपण काढलं, माझं लेकरू वाढवलं, तिला रिकाम्या ओटीनं कसं धाडायचं, एवढंच डोक्यात होतं. भावकीतल्या थोरल्या काकींनी माझं मनगट धरलं.

"संगे, आवर ते. सवाशीण हाय व्हय ती? तिला चालत नसतंय."

आवर ते. चालत नसतंय. शब्दसुद्धा तेच.

मी नारळ हातात धरून तशीच उभी राहिले आणि गाडीतलं तुमचं ते बोलणं मला तिथं, न्हाणीच्या दारात, पुरतं उलगडलं. मामंजी गेले तेव्हा तुम्ही सव्वीस वर्षांच्या होतात, बालाजी चार वर्षांचे. त्या दिवसापासून तुम्हाला कुणी ओटी भरू दिली नव्हती, आणि कुणी तुमची भरली नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही तिळगूळ करायच्या, सरबत करायच्या, पेले धुवायच्या आणि बायका यायच्या वेळेला आतल्या खोलीत शेंगा फोडत बसायच्या. तुळजापूरला गेलो की ओटीचं ताट तुम्ही घरून सजवून आणायच्या आणि ऐनवेळी माझ्या हातात देऊन दोन पावलं मागं सरायच्या. कुणी सरका म्हणायचं नाही. म्हणायची गरजच नव्हती, तुम्ही आपल्या आपण सरायच्या. मला वाटायचं, आत्याबाईंना हौस नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघत होते आणि शाळेत मुलींना सावित्रीबाईंचा धडा शिकवत होते.

सिकंदराबादला तुमच्या कपाळाकडं बघून कुणी विचारणार नव्हतं. मरियम्माच्या, तिथल्या बायकांच्या कपाळावरही काही नव्हतं. कोण सवाष्ण आणि कोण नाही, तिथं कळायला मार्ग नव्हता आणि कुणाला त्याची पडलेलीही नव्हती. म्हणून तुम्ही तुळजापूर सोडून तिथं नवस बोललात. नातीसाठी बोललात, आणि बोलताना स्वतःसाठीही एक गोष्ट मागून घेतलीत, की ही ओटी मला माझ्या हातानं भरू दे. चर्चमध्ये ओटी भरत नाहीत, हे तुम्हाला कळत नव्हतं असं मला वाटलं. न कळणारी तिथं एकच होती. जगात त्या एका अंगणात तुम्हाला अडवणारं कुणी नव्हतं, आत्याबाई, तर अडवणारी तुम्ही घरून बरोबर घेऊन गेलात. तिकीट काढून, खिडकीची जागा देऊन.

हे मी तुम्हाला बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात, तेही मला माहीत आहे. "जाऊ दे गं, तुला काय म्हाईत." तुमचं हे "जाऊ दे" मला आता सहन होत नाही. एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंत. मिठावरून ओरडलात, त्यातलंच थोडं इथं वापरायचं होतंत.

परवा पेटी उघडली आणि काल पहाटेची गाडी धरून मी आणि आरोही सिकंदराबादला जाऊन आलो. बालाजी येतो म्हणाले, मी नको म्हटलं. गाठोडं मी मांडीवर ठेवलं. उमरग्याला शेजारची बाई म्हणाली, वर ठेवा की, बसायला ऐसपैस होईल. नाही ठेवलं.

चॅपेल तसंच आहे. दवाखाना मोठा झालाय, रस्त्याच्या मधोमध खांब आलेत, पण आत शिरलं की तोच गारवा. मी चपला बाहेर काढल्या, जोडीनं ठेवल्या. फरशीवरच्या नावांना चुकवून कडेकडेनं चालले. आरोही म्हणाली, "आई, अशी का चालतेस?" मी म्हटलं, आजी अशी चालायची. मग तीही तशीच चालली.

दाराशी मरियम्मा होती. खूप थकली आहे, पण मेणबत्त्यांची टोपली तीच. मला ओळखलं नाही तिनं. मी नळदुर्ग म्हटलं तशी तिचा चेहरा उजळला. "नलदुर्ग की अम्मा? वो घूमनेवाली? कैसी है? साथ लेके नै आए?"

मी मान हलवली. तिनं टोपली बाजूला ठेवली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, तुम्ही त्या एकतीस दिवसांत रोज सकाळी ते अंगण झाडून काढायच्या. फुकट बसायचं नाही म्हणून. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

मी भीतभीत गाठोडं दाखवलं. विचारलं, हे इथं ठेवलेलं चालेल का? कपडा, नारळ, गहू. कुणी काही म्हणणार नाही ना?

मरियम्मा माझ्याकडं बघतच राहिली. "कायकू बोलते? यां तो सब लोगां लाते. साड्यां लाते, नारियल लाते. वो देखो." तिनं बोट दाखवलं. गुहेच्या कडेला, दगडांच्या खोबणीत, घडी घातलेल्या चार-पाच साड्या होत्या. एक हिरवी होती. नारळ होते, गजरे होते. "पैले से लाते. माँ कू नक्को बोलनेवाला कौन है यां?"

पहिल्यापासून. म्हणजे तेव्हाही. सहा वर्षांपूर्वी त्या साड्या तिथंच असणार, तीन हातांवर, आणि मी मागं वळून हसणाऱ्यांचे चेहरे शोधत होते. ते आपल्याला हसले होते की त्यांच्यातल्या त्यांच्यात काही विनोद झाला होता, हेसुद्धा मला माहीत नाही. मी गुहेपुढं खाली बसले.

आरोही शेजारी बसली. अकरा वर्षांची झाली, आता तिच्यापासून काही लपत नाही. म्हणाली, "आई, हा नवस कशाचा होता?"

"तुझा."

"मग आजीनं का नाही फेडला?"

गप्प बसता आलं असतं. आजारी होती, राहून गेलं, असं काहीही सांगता आलं असतं. पण निळ्या पदराची आई समोर होती, आणि तुमचा गहू माझ्या मांडीवर होता. "मी फेडू दिला नाही," मी म्हणाले. "आजी भरत होती, मी तिला सगळ्यांपुढं आवरायला लावलं. मला लाज वाटली होती."

तिनं माझ्याकडं बघितलं. तुम्ही त्या दिवशी बघितलं होतं तसं. मग तिनं गाठोडं माझ्या मांडीवरून स्वतःकडं ओढून घेतलं, गाठ सोडली आणि खण पसरला. तुमच्या पिशवीतली ती कुंकवाची डबी मी बरोबर नेली होती. सील न तुटलेली. ती मी तिच्यापुढं ठेवली.

ती गव्हात हात घालून थांबली. "आजी ओटी कशी भरायची गं, आई? एका हातानं का ओंजळीनं? भरताना काय म्हणायची? मला आजीसारखीच भरायचीय."

आत्याबाई, बारा-तेरा वर्षं मी तुमच्या घरात आहे. तुम्ही भाकरी कशी थापायच्या, वात कशी वळायच्या, रागात पदर कसा खोचायच्या, सगळं मला करून दाखवता येतं. हे मला तिला सांगता आलं नाही. तुम्हाला ओटी भरताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, "ओंजळीनं भर. पाच वेळा. काही म्हणायची नाही, गप्पच असायची."

बरोबर सांगितलं ना?